रिमोटशिवाय टीव्ही कसा लावायचा आणि चालवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट हरवला असेल, पाण्यात पडला असेल किंवा नुसतेच सेल संपले असतील, तरी टीव्ही अडून राहत नाही. टीव्हीला स्वतःचं बटण असतं. शिवाय फोन, माउस, कीबोर्ड आणि एचडीएमआयला (चित्र-आवाजाच्या केबलच्या खाच्याला) जोडलेली दुसरी यंत्रंही टीव्ही चालवू शकतात. यातला कोणता मार्ग तुमच्या कामाचा, हे दोन गोष्टींवर ठरतं: टीव्ही साधा आहे की स्मार्ट, आणि स्मार्ट असेल तर तो आत्ता वाय-फायला जोडलेला आहे की नाही. खालची उत्तरं वाचताना तुमचं उत्तर काय आहे ते लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी काय पाहायचं?

टीव्हीच्या खालच्या कडेला छोटा दिवा लागलाय का ते पाहा. बहुतेक टीव्हींचा हा दिवा लाल असतो, काहींचा पांढरा. तो लागलेला असेल तर टीव्हीला वीज मिळते आहे आणि तो स्टँडबायमध्ये आहे. फक्त त्याला जागं करायचं आहे. दिवा नसेल तर रिमोटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी भिंतीवरचं बटण, प्लग आणि टीव्हीच्या पाठीत खोचलेली वायर तपासा. काही टीव्हींना मागे किंवा बाजूला एक मोठा खटकाही असतो, तो बंद असेल तर रिमोट नवाकोरा असला तरी टीव्ही लागणार नाही. (काही मॉडेलवर हा दिवा सेटिंगमधून बंद करता येतो, हेही लक्षात घ्या.)

माझ्या टीव्हीवर बटणच नाही. मग?

जवळजवळ नक्की आहे, फक्त दिसत नाही. टीव्हीची कड जसजशी पातळ होत गेली तसतशी बटणं समोरून बाजूला, बाजूवरून मागे आणि मागून खाली गेली. शोधायची रीत अशी: टीव्हीसमोर उभे राहा, खालच्या कडेच्या मधोमध, म्हणजे कंपनीचं नाव किंवा लाल दिवा असतो त्याच्या बरोबर खाली, बोटाचं पेर आतल्या बाजूला वळवून हळूच फिरवा. वाटाण्याएवढा उंचवटा हाताला लागला तर तेच बटण. एलजीच्या बऱ्याच टीव्हींना ते इथेच असतं. सॅमसंगच्या टीव्हींना ते खाली मधोमध असतं किंवा पाठीमागे खालच्या कोपऱ्यात. सोनीच्या टीव्हींना कधी खाली, कधी पाठीमागच्या कडेला. जुन्या एलसीडी टीव्हींना बाजूला किंवा मागे एका ओळीत पाच-सहा बटणं असतात.

भिंतीवर लावलेला टीव्ही असेल तर फोनचा टॉर्च लावून कॅमेरा मागच्या फटीत धरा आणि व्हिडिओ काढा. हात घालून चाचपडण्यापेक्षा हे सोपं पडतं. टीव्ही पुढे ओढू नका. पॅनेल पातळ असतं आणि कडेला धरून ओढलं की आतून तडकू शकतं.

एकच बटण आहे. त्यानं आवाज आणि चॅनल कसे बदलायचे?

एकट्या बटणाचे दोन प्रकार असतात. पहिला जॉयस्टिकचा. हे बटण दाबताही येतं आणि चारी दिशांना ढकलताही येतं. टीव्ही बंद असताना दाबलं की लागतो. लागल्यावर दाबलं की पडद्यावर छोटा मेनू येतो, त्यात बंद करणं, इनपुट, सेटिंग असे पर्याय असतात. बटण ढकलून हवा तो निवडायचा आणि मधोमध दाबायचं. मेनू नसताना एलजीच्या जॉयस्टिकनं डावी-उजवीकडे ढकलून आवाज, पुढे-मागे ढकलून चॅनल बदलतो.

दुसरा प्रकार साध्या दाबायच्या बटणाचा. इथे सगळा खेळ किती वेळ दाबता याचा आहे. पटकन दाबून सोडलं की मेनूतला पुढचा पर्याय, दोन-तीन सेकंद दाबून धरलं की निवड. आवाज वाढवायचा असेल तर थोडं थोडं दाबत आवाज-वाढ या पर्यायावर यायचं आणि मग धरून ठेवायचं. पहिल्यांदा वैताग येतो, पण दहा मिनिटांत हात बसतो. काहीच दाबलं नाही तर मेनू निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून मध्ये फार थांबू नका.

बटण सापडलं, दिवाही लागलाय, पण दाबून काही होत नाही.

टीव्हीचा प्लग काढा, एक-दोन मिनिटं थांबा, परत लावा आणि मग बटण दाबा. टीव्ही आतून अडकला असेल तर एवढ्यानं बहुतेकदा सुटतो. तरीही नाही झालं, तर बटणं कुलूपबंद असण्याची शक्यता आहे. लहान मुलांनी दाबू नये म्हणून सेटिंगमध्ये पॅनेल लॉक असतं. हॉटेलात वापरलेला टीव्ही असेल तर त्यात हॉटेल मोड असतो आणि त्यात बटणं, आवाजाची मर्यादा, इनपुट असं सगळंच बांधून ठेवता येतं. ही कुलुपं उघडायला रिमोट लागतो, त्यामुळे इथे दुसरा रिमोट आणणं हाच सरळ रस्ता.

बिघाड रिमोटमध्ये आहे की टीव्हीत, हे कसं ओळखायचं?

फोनच्या कॅमेऱ्यानं. साध्या रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सोडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा, कोणतंही बटण दाबून धरा आणि पडद्यावर पाहा. जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहा, कारण बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश गाळणारी काच असते. खोलीत अंधार केला तर ठिपका चांगला दिसतो.

एकाच बटणावर ठिपका दिसत नसेल तर फक्त ते बटण गेलं आहे. सगळ्या बटणांवर दिसतोय आणि टीव्ही हलत नाही, तर टीव्हीच्या डोळ्यासमोर, म्हणजे रिमोटचा संकेत टिपणाऱ्या भागासमोर, काही आलंय का पाहा. साउंडबार नेमका तिथेच ठेवलेला असतो. आणि काहीही न दाबता ठिपका सतत लुकलुकत असेल तर एखादं बटण आत चिकटून बसलंय. अशा वेळी दुसरा रिमोटही नीट चालत नाही, कारण हा पहिला मध्ये बोलत राहतो.

एक अपवाद सांगायला हवा. माइक असलेले नवे रिमोट बरीचशी कामं ब्लूटूथनं करतात, त्या बटणांवर कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. पॉवरचं बटण मात्र अशा अनेक रिमोटांमध्येही अवरक्तच असतं, म्हणून तपासणी त्याच बटणावर करा.

नवे सेल घातले तरी रिमोट चालत नाही.

सेलची खोबणी नीट बघा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर जुना सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेल गळला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि धातूवर बसतं. सेल काढा, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे एक-दोन थेंब घेऊन ती पूड पुसा, मग कोरड्या कापडानं पुसून वाळू द्या. हात धुवा आणि डोळ्यांना लावू नका. स्प्रिंग चमकायला लागली की सेल घाला. मी तर म्हणेन, नवा रिमोट मागवण्याआधी हे प्रत्येकानं करून पाहावं. कितीतरी चांगले रिमोट एवढ्याशा पुडीपायी कचऱ्यात जातात. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका, दोन्ही एकदमच बदला.

ब्लूटूथ रिमोट असेल तर तो टीव्हीशी पुन्हा जोडावा लागतो. त्यासाठी कोणती दोन बटणं धरून ठेवायची ते कंपनीगणिक वेगळं असतं.

खिडकीतून थेट ऊन आलं की रिमोट मंदावतो, हे खरं का?

खरं आहे, पण आता पूर्वीइतकं नाही. १९५५ साली झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी पहिला बिनतारी टीव्ही रिमोट बनवला, फ्लॅश-मॅटिक. तो म्हणजे चक्क प्रकाशाचा झोत होता, आणि टीव्हीच्या चार कोपऱ्यांत तो झोत ओळखणारे भाग बसवलेले होते. ऊन त्यांच्यावर पडलं की टीव्ही आपसूक वागायला लागायचा. आजचा रिमोट हा घोळ टाळण्यासाठी आपला प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा चालू-बंद करतो आणि टीव्ही फक्त त्या गतीनं लुकलुकणारा प्रकाशच ऐकतो. तरी उन्हाची तिरीप थेट टीव्हीच्या डोळ्यावर आली तर तो दिपतो. पडदा ओढा.

फोननं टीव्ही चालवता येतो ना?

येतो, पण फोन दोन अगदी वेगळ्या रीतींनी रिमोट बनतो आणि यातच लोकांची गफलत होते.

काही फोनच्या वरच्या कडेला रिमोटसारखाच अवरक्त एलईडी असतो. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या बऱ्याच फोनमध्ये तो आहे. असा फोन कुठलाही टीव्ही चालवतो, साधा असो की स्मार्ट, वाय-फाय असो-नसो. ॲपमध्ये टीव्हीची कंपनी निवडायची, ॲप एकेक संकेत पाठवून विचारतं की टीव्हीनं दाद दिली का. दिली की झालं. आयफोनमध्ये ही सोय नाही.

बाकीचे फोन वाय-फायवरून टीव्हीशी बोलतात. त्यासाठी टीव्ही स्मार्ट हवा आणि फोन व टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. ज्या फोनमध्ये एलईडी नाही त्यावर ‘कुठल्याही टीव्हीचा रिमोट’ म्हणवणारी ढीगभर ॲप मिळतात. साध्या टीव्हीवर त्यांचा शून्य उपयोग. नको त्या परवानग्या मागणारी आणि जाहिरातींनी भरलेली ही ॲप टाकूच नका, असं मी आग्रहानं सांगेन.

मग कोणतं ॲप टाकायचं?

टीव्हीच्या कंपनीचंच. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही असेल तर गुगल टीव्ही किंवा गुगल होम ॲप. सॅमसंगसाठी स्मार्टथिंग्ज, एलजीसाठी थिनक्यू, फायर टीव्हीसाठी ॲमेझॉनचं फायर टीव्ही ॲप, रोकूसाठी रोकूचं ॲप. ॲपल टीव्हीचा रिमोट आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये तयारच असतो. पहिल्यांदा जोडताना टीव्हीच्या पडद्यावर बहुधा कोड येतो, तो फोनवर टाकायचा. काही टीव्ही कोडऐवजी पडद्यावरच परवानगी मागतात आणि तिथे होकार द्यायला जॉयस्टिकचं बटण कामी येतं.

टीव्ही यादीत दिसत नसेल तर फोनचं व्हीपीएन बंद करा आणि फोन पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर नाही ना, ते पाहा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

फोनवरून टीव्ही बंद होतो, पण परत लागत नाही. असं का?

बंद झालेल्या टीव्हीचं वाय-फायही झोपतं, मग फोनची हाक ऐकणार कोण? त्यासाठी टीव्हीत एक सेटिंग आधी चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये ते ‘पॉवर ऑन विथ मोबाइल’, सोनीमध्ये ‘रिमोट स्टार्ट’, एलजीमध्ये ‘टर्न ऑन व्हाया वाय-फाय’ अशा नावांनी सापडतं. ते चालू नसेल तर तूर्त टीव्हीच्या बटणानं लावा आणि पुढचं फोनवरून करा. लागल्यावर लगेच सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करून टाका.

राउटर बदलला, टीव्ही नव्या वाय-फायला जोडलेला नाही आणि रिमोटही नाही. आता?

हा प्रश्न सगळ्यात अडचणीचा. ॲपला वाय-फाय हवं आणि वाय-फाय जोडायला रिमोट हवा, अशी कोंडी होते. तरी तिच्यातून वाट आहे.

टीव्हीला जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पाठ असतो. तेव्हा त्याच नावाचं वाय-फाय पुन्हा उभं करायचं. एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, त्याचं नाव हुबेहूब जुन्या वाय-फायचं ठेवा आणि पासवर्डही तोच. मोठी-लहान अक्षरं, मधली मोकळी जागा, आडवी रेघ, सगळं तंतोतंत. एक अक्षर चुकलं तरी टीव्ही ओळख दाखवत नाही. टीव्ही किंवा स्टिक (टीव्हीत खोचून त्याला स्मार्ट करणारं छोटं यंत्र) जुनी असेल तर तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, म्हणून हॉटस्पॉट त्याच पट्ट्यावर ठेवा. आयफोनमध्ये त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. आता टीव्ही बटणानं लावा, एखादं मिनिट थांबा. तो आपण होऊन हॉटस्पॉटला जोडला जाईल. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा, त्यावर ॲप उघडा आणि तिथून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन नवं वाय-फाय निवडा. निवडल्याक्षणी टीव्ही हॉटस्पॉट सोडतो आणि ॲपचा संबंध तुटतो. घाबरू नका, दुसरा फोनही नव्या वाय-फायवर आणला की जुळतं.

नव्या राउटरवर तुमचा ताबा असेल तर त्याहून सोपं: नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या. घरातली बाकीची यंत्रंही त्याबरोबर आपोआप जोडली जातात.

तिसरी वाट लॅन केबलची. टीव्हीच्या पाठीत लॅनचा खाचा असेल तर राउटरपासून केबल आणून खोचा. बहुतेक टीव्ही काही न विचारता ते जाळं वापरायला लागतात आणि फोनच्या ॲपला टीव्ही दिसतो.

माउस किंवा कीबोर्ड खरंच चालतो?

चालतो, आणि हा उपाय लोकांना फार कमी माहीत आहे. कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस टीव्हीच्या यूएसबी खाच्यात लावा. अँड्रॉइड टीव्ही आणि एलजीच्या वेबओएस टीव्हीवर पडद्यावर बाण उमटतो आणि क्लिक म्हणजे ‘ओके’. कीबोर्डवर बाणांच्या कळांनी फिरायचं, एंटरनं निवडायचं, एस्केपनं मागे यायचं. वाय-फायचा पासवर्ड टाकायला तर कीबोर्ड रिमोटपेक्षा कितीतरी बरा. बिनतारी माउसही चालतो, त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबीत खोचायचा. ब्लूटूथ माउस मात्र इथे नको, कारण तो जोडायलाच आधी सेटिंग उघडावं लागतं.

बंद टीव्ही माउसनं लागेल अशी अपेक्षा धरू नका. लावायचा बटणानं, फिरायचं माउसनं. फायर टीव्ही स्टिकसारख्या स्टिकला यूएसबीचा मोकळा खाचाच नसतो. तिथे वीज आणि माउस दोन्ही जोडता येणारी ओटीजी केबल लागते.

स्टिक किंवा गेमिंग कन्सोलच्या रिमोटनं टीव्ही लावता येतो का?

येतो. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाजाशिवाय आज्ञाही जातात. केबलच्या १९ पिनांपैकी १३ क्रमांकाची पिन त्यासाठीच राखलेली आहे. या सोयीचं खरं नाव सीईसी, पण प्रत्येक कंपनीनं आपलं वेगळं नाव ठेवलंय: सॅमसंग ‘एनीनेट प्लस’, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासॉनिक ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्स ‘ईझीलिंक’. हे चालू असेल तर प्लेस्टेशन, ॲपल टीव्ही, फायर टीव्ही किंवा क्रोमकास्ट जागं झालं की टीव्हीही लागतो आणि आपण होऊन त्याच इनपुटवर येतो. क्रोमकास्ट असेल तर फोनवरून एखादा व्हिडिओ कास्ट करा, तेवढ्यानंही टीव्ही उठतो.

एक बारकी गोष्ट सांभाळा. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिलेली असेल तर टीव्ही बंद झाला की अनेकदा ती वीजही जाते, आणि झोपलेली स्टिक टीव्हीला काय उठवणार! स्टिक भिंतीवरच्या अडॅप्टरवर लावा.

सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटनं?

अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी वेगळी बटणं असतात आणि ती मूळ रिमोटकडून शिकतात. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, एकाला शिकण्याच्या अवस्थेत टाकायचं आणि दुसऱ्याचं बटण दाबायचं. म्हणजे हे काम टीव्हीचा रिमोट हाताशी आणि चालू असतानाच होतं. तुमचा रिमोट आज चालू असेल तर आजच करून घ्या; त्याच बैठकीत फोनचं ॲपही जोडा आणि सीईसीही चालू करा.

युनिव्हर्सल रिमोट घेऊ की मूळ कंपनीचा?

साध्या टीव्हीसाठी युनिव्हर्सल पुरतो. स्मार्ट टीव्हीवर तो लावणं, आवाज, बाण, ओके, इनपुट एवढं करतो, पण बोलून शोधणं आणि हवेत फिरणारा बाण या गोष्टी ब्लूटूथच्या असल्यानं मिळत नाहीत. रिमोट घेताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पाहा. नुसत्या कंपनीच्या नावावर घेतलेला रिमोट दिसायला तसाच असूनही अर्धी बटणं मुकी निघतात.

रिमोट नाही म्हणून फॅक्टरी रीसेट करू का?

नको. काही टीव्ही पाठीवरची बटणं धरून प्लग लावला की रीसेट होतात खरे, पण त्यानं लक्षात असलेलं वाय-फाय, जोडलेला फोन, सगळं पुसलं जातं आणि पहिल्या पडद्यावरच टीव्ही रिमोट मागतो. हातातले होते नव्हते तेवढे मार्गही जातात.

घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस आहे. त्यांच्यासाठी काय करता येईल?

त्यांना ॲप शिकवत बसण्यापेक्षा टीव्हीचं बटण सोपं करा. बटण जिथे आहे त्याच्या बरोबर वर, समोरच्या कडेवर, ठळक रंगाची छोटी चिकटपट्टी लावा. बोट तिथून खाली वळवलं की बटण सापडलं पाहिजे. दोन-चार वेळा त्यांच्याच हातानं टीव्ही लावून, आवाज कमी-जास्त करून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘लागल्यावर शेवटचंच इनपुट’ असा पर्याय असेल तर तो ठेवा, म्हणजे इनपुट शोधायची वेळच येत नाही. घरात बोलून चालणारा स्पीकर असेल आणि टीव्ही त्याला जोडता येत असेल तर तोही जोडा. हात थरथरतात त्यांना बारक्या बटणांपेक्षा बोलणं फार सोयीचं पडतं.

मेकॅनिकला कधी बोलवायचं?

वीज येते आहे, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला, तरी दिवाच लागत नाही, तेव्हा. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसाच लुकलुकतो, तेव्हाही. अनेक कंपन्या लुकलुकण्याच्या संख्येवरून बिघाड सांगतात, म्हणून ती मोजून ठेवा किंवा फोनवर व्हिडिओ काढा आणि मेकॅनिकला तो आधीच पाठवा. आवाज येतोय पण पडदा काळा आहे, हेही घरी सुटणारं काम नाही. मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटवरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धक्का बसेल एवढी वीज काही काळ राहते.